पुण्यात एकट्याने आलात? आधी एक नाट्यगृह धरा

नोकरीसाठी पुण्यात आलेल्या मुलामुलींचं पहिलं वर्ष बहुतेक वेळा सारखंच जातं. सोमवार ते शुक्रवार हिंजवडी नाहीतर खराडी, रात्री खोलीवर मेसचा डबा, आणि शनिवार-रविवार अंथरुणात मोबाइल. ऑफिसातली माणसं चांगली असतात, पण ती ऑफिसातलीच राहतात. गावाकडचे मित्र फोनवर असतात. मग कुणीतरी सांगतं, ‘अगं, जरा बाहेर पड, चार माणसांत मिसळ.’ पण मिसळायचं म्हणजे नेमकं कुठे जायचं, कुणाशी बोलायचं आणि बोलायचं तरी काय, हे कुणी सांगत नाही. म्हणून हे लिहितेय. मी मूळची परभणीची, आता कर्वेनगरात राहते. या शहरात मी ज्यांना हक्काने रात्री फोन करू शकते, त्यातली निम्म्याहून जास्त माणसं मला नाट्यगृहांत भेटलेली आहेत.

शहरात ओळख होते ती तेच चेहरे त्याच जागी पुन्हा पुन्हा दिसल्याने. दर आठवड्याला नवा कॅफे, नवा मॉल, नवा ट्रेकिंग ग्रुप करत फिरलात तर प्रत्येक वेळी ‘तू कुठली, काय करतेस’ इथूनच सुरुवात करावी लागते आणि तिथेच संपते. एकाच ठिकाणी पावसाळा ते उन्हाळा जात राहिलात, तर न बोलताही माणसं तुम्हाला ओळखायला लागतात. नाटक यासाठी फार सोयीचं आहे. तिथे एकटं बसणं कुणाला विचित्र वाटत नाही, मध्यंतर असल्यामुळे बोलायला हक्काची पंधरा मिनिटं मिळतात, आणि विषय शोधावा लागत नाही, तो आत्ताच समोर घडलेला असतो.

कुठलं नाट्यगृह धरायचं

पुण्यात दोन तऱ्हेची नाट्यगृहं आहेत, आणि तिथे भेटणारी माणसंही वेगळी. जंगली महाराज रस्त्यावरचं बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली सुरू झालं. तिथे आणि कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात मुख्यतः व्यावसायिक नाटकं लागतात. कुटुंबं येतात, टीव्हीवरचे चेहरे बघायला लोक येतात, टाळ्या-शिट्ट्या भरपूर. पहिलं नाटक इथेच बघा, कारण हाउसफुल्ल प्रयोगात हजारभर माणसं एकदम हसतात तेव्हा छातीत काहीतरी हलतं, आणि ते मोबाइलवर कधी होत नाही.

मैत्रीसाठी मात्र माझं मत लहान जागांना. शनिवार पेठेत अहिल्यादेवी शाळेजवळ सुदर्शन रंगमंच आहे. टिळक रस्त्यावर हिराबागेत ज्योत्स्ना भोळे सभागृह आहे, आणि तिथेच श्रीराम लागू रंग-अवकाश. इथे प्रायोगिक नाटकं, अभिवाचनं, कधी गाण्याच्या बैठका, कधी नवीन लेखकाच्या संहितेचं पहिलं वाचन असं चालू असतं. प्रेक्षक थोडे असतात, आणि येणारे तेच तेच असतात. चौथ्या-पाचव्या खेपेला दारावर तिकीट तपासणारा मुलगा मान डोलावतो. संपल्यावर नट, दिग्दर्शक, प्रकाशयोजना करणारी मुलगी सगळे बाहेर अंगणात उभे असतात, आणि त्यांच्याशी बोलायला कुणाच्या ओळखीची गरज नसते. ‘दुसऱ्या प्रवेशात तो दिवा हळूहळू विझत गेला ते फार आवडलं,’ एवढं म्हणा. प्रकाशयोजनेबद्दल कुणी बोललं की त्या मुलीचा चेहरा कसा फुलतो ते बघाच.

तिकीट आणि वेळ

रविवारच्या वर्तमानपत्रात नाटकांच्या जाहिरातींचं पान अजून येतं, ते बघायची सवय लावून घ्या. पुण्यातल्या प्रयोगांच्या वेळा साधारण ठरलेल्या: दुपारी साडेबारा, संध्याकाळी साडेपाच, रात्री साडेनऊ. व्यावसायिक नाटकाचं तिकीट ३०० ते ५०० रुपयांच्या आसपास पडतं, प्रायोगिकचं सहसा त्याहून कमी. ऑनलाइन काढता येतं, पण महिन्यातून एकदा तरी नाट्यगृहाच्या खिडकीवर जाऊन काढा. खिडकी सकाळी आणि संध्याकाळी उघडी असते, दुपारी बंद. खिडकीवरचे काका वर्षानुवर्षं तिथे बसलेले असतात. कुठलं नाटक जोरात चाललंय, कुठल्या रांगेतून नटांचे चेहरे नीट दिसतात, हे त्यांच्याइतकं नेमकं कुणी सांगत नाही. एकटं तिकीट मागितलंत तर हाउसफुल्लच्या दिवशीही मधली एखादी सुटी खुर्ची निघते. जोडीजोडीने आलेल्यांमध्ये ती उरलेली असते.

वेळ निवडताना आपलं राहण्याचं ठिकाण लक्षात घ्या. मुलींच्या पीजीचं फाटक दहाला बंद होत असेल, तर साडेनऊचा प्रयोग विसरा, तो संपायला बारा वाजतात. रविवारी दुपारी साडेबाराचा प्रयोग माझ्या मते नव्या माणसासाठी सर्वांत उत्तम: रस्ते मोकळे असतात, संपतं तेव्हा ऊन उतरायला लागलेलं असतं, आणि पुढची अख्खी संध्याकाळ गप्पांना मोकळी. आठवड्यातल्या कुठल्याही संध्याकाळी हिंजवडीहून साडेपाचचा प्रयोग गाठायचा विचारही करू नका. खराडीच्या बाजूला राहणाऱ्यांनी रामवाडीला मेट्रो धरावी आणि छत्रपती संभाजी उद्यान स्थानकावर उतरावं, तिथून बालगंधर्व चालत काही मिनिटांवर आहे. येताना शेवटची गाडी किती वाजता आहे ते जातानाच बघून ठेवायचं.

मध्यंतरात काय करायचं

बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. दिवे लागतात, सगळे उठतात, आणि एकटा आलेला माणूस खुर्चीत बसून मोबाइल काढतो. तेवढं करू नका. उठा, बाहेर जा आणि बटाटेवड्याच्या रांगेत उभे राहा. बालगंधर्वचा वडा प्रसिद्ध आहे. त्यासाठी लागणारी गर्दी ही पुण्यातली ओळखी करून घेण्याची उत्तम जागा आहे असं मी मनापासून सांगते. रांगेत खांद्याला खांदा लागलेला असतो, तेलाचा वास दरवळत असतो, कुणाच्या तरी गजऱ्यातलं एखादं फूल खाली पडतं, काउंटरपलीकडचा माणूस एका हाताने पैसे घेत दुसऱ्या हाताने प्लेट सरकवत असतो, आणि पहिली घंटा होईपर्यंत वडा आपल्या हातात पडेल की नाही ही सगळ्यांची काळजी एकच असते. अशा वेळी शेजारच्याशी बोलणं आपोआप येतं.

‘कसं वाटलं?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर ‘छान’ असं येतं आणि बोलणं संपतं. काहीतरी नेमकं विचारा. ‘आई खरंच काही ऐकत नाहीये, की तिला ऐकायचंच नाहीये, तुम्हाला काय वाटतं?’ किंवा ‘याचा पुढचा अंक असाच गंभीर आहे का हो? मी पहिल्यांदाच बघतेय.’ ज्याने नाटक आधी बघितलंय तो खुलतो, ज्याने बघितलेलं नाही तोही अंदाज बांधायला लागतो. माणसांना अंदाज बांधायला फार आवडतं.

मराठी नाटकाचा प्रेक्षक बराचसा आपल्या आईवडिलांच्या वयाचा आहे, आणि म्हणून तरुण मुलं नाक मुरडतात. मला ते पटत नाही. माझी इथली सर्वांत जवळची मैत्रीण निवृत्त शाळाशिक्षिका आहेत, मी त्यांना मावशी म्हणते. सुदर्शनला त्या नेहमी कडेच्या खुर्चीत बसायच्या आणि मी त्यांच्या मागे. तीन-चार प्रयोगांनंतर त्यांनीच मागे वळून विचारलं, ‘तू रोज एकटीच येतेस, डबा खातेस की नाही?’ १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आलं आणि पुण्यात केवढं वादळ उठलं, घरोघरी कशी भांडणं झाली, हे मी त्यांच्या तोंडून ऐकलंय, त्यांच्या स्वयंपाकघरात, भाकरी भाजता भाजता. आपल्याच वयाच्या माणसांत राहिले असते तर हे मला कुठून मिळालं असतं?

आणि मोबाइल बंद करा, सायलेंटवर नको. पुढच्या रांगेत पडद्याचा निळा उजेड पडला की मागच्या वीस माणसांचा प्रयोग मोडतो, आणि रंगमंचावरच्या नटालाही तो दिसतो. आपल्या शहरातल्या नटांनी यासाठी प्रयोग थांबवून प्रेक्षकांना विनवण्या केल्या आहेत. तिथे जाऊन माणसं जोडायची असतील तर त्या जागेचा मान राखायला हवा.

ऑगस्टमध्ये भरतला जा

वर्षातून एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून महाविद्यालयांसाठी पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा घेते, आणि ती सदाशिव पेठेतल्या भरत नाट्य मंदिरात होते. पावसाळ्यात, ऑगस्टच्या सुमारास प्राथमिक फेरी सुरू होते. तुम्ही कुठल्या कॉलेजात नसलात तरी तिकीट काढून बघता येतं, आणि एका बैठकीत तीन एकांकिका बघून होतात.

आत शिरलात की पहिल्यांदा आवाज आदळतो. एका कॉलेजचा घोळका डावीकडे, दुसऱ्याचा उजवीकडे, एकजण खुर्चीवर उभा राहून घसा फाटेपर्यंत ओरडतो ‘अरे आव्वाज कुणाचा!’ आणि शंभर गळे कॉलेजचं नाव घेतात. भिजलेल्या छत्र्या, दमट कपडे, बॅकस्टेजवाल्या मुलांच्या हाताला लागलेला रंग अजून ओला. मग घंटा होते, अंधार होतो आणि तोच सगळा जमाव एका क्षणात गप्प होतो. प्रतिस्पर्धी कॉलेजची एकांकिका सुरू असतानाही गप्प. नाटकात एखादा चांगला क्षण आला की शत्रुपक्षाकडूनच पहिली टाळी येते. हे बघण्यासाठी तरी एकदा जा.

संपल्यावर लगेच निघू नका. बाहेर रस्त्यावर, चहाच्या टपरीपाशी घोळके करून मुलं तासभर तरी वाद घालत असतात: लेखन कुठे पडलं, नेपथ्य जास्त झालं का, परीक्षक काय म्हणतील. कडेला उभे राहून ऐका आणि एखादं वाक्य टाका. विशीतल्या मुलांना आपलं काम मनापासून बघणारा अनोळखी माणूस फार हवा असतो. माझ्या सध्याच्या कंपूतली तिघं तिथेच, एका टपरीवर भेटलेली आहेत. आता त्यातला एक बँकेत आहे, एकजण मालिकेसाठी संवाद लिहितो, आणि तिसरीने पुण्यातच स्वतःचा नाट्यगट काढलाय.

आपल्या आवडी लपवू नका

पुण्यात नवीन आलेल्या माणसाला एक भीती असते की आपल्याला काही कळत नाही. इथे लोक रागांची नावं घेतात, जुन्या नटांच्या भूमिका तोंडपाठ सांगतात, आणि आपण गावाकडे लग्नाच्या वरातीतल्या बँडवर नाचून मोठे झालेलो. मग माणूस मान डोलावत राहतो. त्यामुळे तुम्ही कोण आहात हेच समोरच्याला कळत नाही, आणि मैत्री होणार कशाशी?

मला कोरियन मालिका आवडतात. गोंधळ, भारूड आवडतं, कारण लहानपणी रात्र रात्र जागून ते ऐकलंय. लावणीची बारी आवडते. शास्त्रीय संगीतातलं अजून थोडंच कळतं. हे मी सगळ्यांना सरळ सांगते, आणि परभणीच्याच बोलीत सांगते. झालं असं की कोरियन मालिकांमुळे मला कोथरूडातली एक दंतवैद्य मैत्रीण मिळाली, भारुडामुळे एका दिग्दर्शकाने मला तालमीला बोलावून घेतलं, आणि शास्त्रीय कळत नाही म्हटल्यावर तीन माणसं शिकवायला पुढे आली. समोरच्याला धरायला आपल्यात काहीतरी ठोस असावं लागतं, मग ते अॅनिमे असो, रॅप असो नाहीतर जुन्या तमाशातली गाणी.

आवड पक्की व्हावी म्हणून एक सवय सांगते. नाटक किंवा सिनेमा बघून आलात की कुणाचंही परीक्षण, कुणाचंही रील बघण्याआधी वहीत चार ओळी लिहा: काय लक्षात राहिलं, कुठे कंटाळा आला, कुठल्या पात्राचा राग आला. मग खुशाल दुसऱ्यांचं वाचा. मत बदललं तरी चालेल, पण आधी स्वतःचं हवं. सहा महिन्यांत तुम्हाला गप्पांमध्ये शब्द शोधावे लागणार नाहीत.

ओळखीचा कंपू कसा करायचा

ओळख झाली, नंबर घेतला, ‘भेटू कधीतरी’ म्हटलं, आणि भेट काही झाली नाही. हे सगळ्यांचं होतं. त्यावर उपाय म्हणजे निरोप घेण्याआधी पुढचा प्रयोग ठरवायचा, तारखेसकट. ‘पुढच्या रविवारी हिराबागेत अभिवाचन आहे, मी दोन तिकिटं काढते, येशील?’ तिकीट काढलं की माणूस येतो. पैसे त्याच रात्री यूपीआयने मागून घ्या आणि देणं असेल तर त्याच रात्री देऊन टाका. शंभर-दोनशे रुपयांच्या उधारीवरून विरळ झालेल्या मैत्र्या मी बघितल्या आहेत. व्हॉट्सअॅप ग्रुप करा, पण त्यात फक्त ‘कुठे, कधी, कोण येतंय’ एवढंच ठेवा. सुप्रभातचे फोटो सुरू झाले की कामाचा मेसेज कुणी वाचत नाही.

प्रयोगानंतर बसायची जागा ठरलेली असू द्या. डेक्कनला १९३५ पासूनचं गुडलक आहे, बन मस्का आणि चहा घेऊन बसता येतं. गर्दीच्या वेळी तिथे रेंगाळणं बरं नाही, मागे लोक ताटकळत असतात. तेव्हा संभाजी बागेच्या कडेने किंवा नदीकाठाने चालत बोला. चालताना माणसं जास्त खरं बोलतात असा माझा अनुभव आहे. पबला जायला माझी हरकत नाही, पण तिथे समोरच्याचं वाक्य ऐकू येत नाही आणि बिल आठवडाभर टोचतं. नव्या ओळखीसाठी ती जागा कामाची नाही.

हिवाळ्यातली दोन ठिकाणं

डिसेंबरात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव असतो. भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली तो सुरू केला, आणि आता तो मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर भरतो. गाणं कळत नसलं तरी जा. खुर्चीचं तिकीट घेऊ नका, भारतीय बैठकीचं घ्या. ते स्वस्तही आहे आणि जमिनीवर मांडी घालून बसलं की शेजारच्यांच्या डब्यातलं आपल्यापुढे येतंच. शाल न्या, पाण्याची बाटली न्या, आणि आपल्याही डब्यात वाटता येईल असं काहीतरी न्या. एक गाणं नाही भिडलं तर दुसरं भिडेल. एखादी तान ऐकून मागून कुणी म्हातारे काका ‘वाह’ म्हणाले, तर मध्यंतरात त्यांना विचारा की नेमकं काय झालं. ते हाताने हवेत काढून दाखवतील.

जानेवारीत सहसा पिफ असतो, म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. २००२ पासून चालू आहे. नोंदणी केली की ओळखपत्र मिळतं आणि मग दिवसभर एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्याकडे धावपळ. खरी गंमत रांगेत आहे. पुढचामागचा माणूस इराणी सिनेमा बघून आलेला असतो, तुम्ही पोलिश, आणि कोणता सोडायचा यावर सल्लामसलत चालू असते. चार दिवस त्याच रांगेत तेच चेहरे. सिनेमाचं वेड वाढलं तर विधी महाविद्यालय रस्त्यावर, १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या खेळांवर लक्ष ठेवा. जुना सिनेमा मोठ्या पडद्यावर बघायला मिळतो आणि तिथे येणारा प्रेक्षक मनापासून आलेला असतो.

बसून बघणं जमत नसेल तर

काहींना अंधारात अडीच तास बसवत नाही. त्यांनी ढोल-ताशा पथकात जावं. गणपतीच्या दीडदोन महिने आधी वाद्यपूजन होऊन सराव सुरू होतो, संध्याकाळी नदीपात्रात किंवा मोकळ्या मैदानावर. नवीन मुलामुलींना घेतात, आधी काही येण्याची अट नसते. ढोल कमरेला घट्ट बांधतात, हातात टिपरू देतात, आणि पहिल्या आठवड्यात तळहाताला फोड येतात, त्यासाठी चिकटपट्टी खिशात ठेवा. कानात कापसाचे बोळेही हवेतच. मुली भरपूर असतात. वेळेला सगळे पक्के असतात, उशीर झाला तर वाजवायला मिळत नाही. ऑफिसात दिवसभर खुर्चीत आखडलेल्या पाठीला आणि डोक्याला त्या ठेक्याने जे होतं ते मी स्वतः अनुभवलंय. विसर्जनाच्या मिरवणुकीनंतर पहाटे पोह्यांच्या गाडीवर बसलेली पोरं पुढे एकमेकांच्या लग्नांत वाजवायला जातात.

एक गोष्ट मात्र धरून चाला. दोनेक वर्षांत कंपूतलं कुणी ना कुणी बंगळुरूला जातं, कुणी परदेशी, कुणाचं लग्न होऊन चिंचवडला घर होतं आणि येणं कमी होतं. म्हणून आम्ही प्रत्येक प्रयोगाला एक तिकीट जास्त काढतो. ज्याच्याकडे ते असेल त्याने त्या आठवड्यात ऑफिसातलं, पीजीतलं, शेजारच्या खोलीतलं नवीन आलेलं कुणीतरी शोधायचं. पहिलं तिकीट आपल्याकडून, दुसऱ्यापासून त्याचं त्याने काढायचं.